जमादाराच्या खिशातला एक रुपया

१९८२ साली दिल्लीत एशियाडची तयारी जोरात चालली होती. स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं, खेळाडूंची वसाहत, सगळं नोव्हेंबरच्या आत उभं राहायला हवं होतं. त्यासाठी राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा राज्यांतून मजूर आणले गेले. आणणारा माणूस जमादार. कंत्राटदार मजुरीचे पैसे जमादाराच्या हातात ठेवायचा आणि जमादार ते मजुरांना वाटायचा. त्या कामाचं किमान वेतन होतं रोजचे ९ रुपये २५ पैसे. मजुराच्या हातात पडायचे ८ रुपये २५ पैसे. मधला एक रुपया जमादाराचं कमिशन. बायकांच्या हातात तर सातच रुपये यायचे.

या एका रुपयावरून सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी जो निकाल दिला, तो आजही मजुरांच्या खटल्यांत पहिल्यांदा काढला जातो. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पी. एन. भगवतींचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला नेहमी वाटतं, हा रुपया त्यांच्या टेबलापर्यंत पोचला कसा, ते आधी सांगायला हवं. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांना बांधकामांवर पाठवलं. ते साइटवर फिरले, मजुरांशी बोलले, कुणाला किती मिळतात, कोण कापतं, चौदा वर्षांखालची मुलं कुठे काम करतात, हे लिहून काढलं. संघटनेने तो अहवाल एका पत्राला जोडून भगवतींना पाठवला आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं.

स्थलांतरित मजुरांच्या हक्कांसाठी कायदेशीर संशोधन करणारी माणसं नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते. कायद्याची पुस्तकं वाचणं हा त्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे जिथे कसलाच कागद नाही तिथे कागद तयार करणं. मजुराला नेमणूकपत्र नसतं, पगाराची पावती नसते, हजेरीपट असलाच तर तो मुकादमाच्या वहीत. आणि न्यायालय तर कागदावर चालतं. मजूर आणि न्यायालय यांच्यामधली ही दरी कुणीतरी पायी चालून भरून काढावी लागते.

आता त्या रुपयाचं पुढे काय झालं ते पाहू, कारण यातला कायदा समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

सरकारी बाजूचा एक आक्षेप असा होता: फार तर कामगार कायद्यांचा भंग झाला असेल, त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात कशाला? आक्षेप बिनबुडाचा नव्हता. घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात सरळ जाता येतं ते मूलभूत हक्काचा भंग झाला तरच. किमान वेतन मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, पण मूलभूत हक्कांच्या यादीत तो कुठेच नाही. मग एका रुपयाचा मूलभूत हक्काशी संबंध काय?

तो संबंध अनुच्छेद २३ मध्ये सापडला. हा अनुच्छेद वेठबिगारीवर आणि सक्तीच्या श्रमावर बंदी घालतो. वेठबिगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटलाच्या वाड्यावर फुकट राबणारा माणूस येतो. इथे तर मजूर आपल्या पायांनी आला होता आणि पैसेही घेत होता. सक्ती कुठे आहे? न्यायालयाने याचं जे उत्तर दिलं, ते आपल्या रोजच्या भाषेत असं मांडता येईल: घरात दाणा नसलेल्या माणसापुढे तुम्ही कायद्याने ठरलेल्या मजुरीपेक्षा कमी पैसे ठेवलेत आणि त्याने ते घेतले, तर ती त्याची पसंती म्हणता येणार नाही. पाठीवर काठी उगारून करवून घेतलेलं काम जसं सक्तीचं, तसंच भुकेपोटी दुसरा रस्ता नाही म्हणून केलेलंही सक्तीचं. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करवून घेतलेलं काम हे अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीचे श्रम. एक रुपया कापला गेला आणि मूलभूत हक्काचा भंग झाला.

याच निकालात आणखी दोन दारं उघडली. मजुराला स्वतःला न्यायालयाची पायरी चढता येत नसेल, तर त्याच्या वतीने दुसरं कुणीही चांगल्या हेतूने दाद मागू शकतं, हे पहिलं. आणि काम कंत्राटदाराकडून करून घेतलं म्हणून मूळ मालकाला, म्हणजे इथे दिल्ली विकास प्राधिकरणासारख्या सरकारी संस्थांना, हात झटकता येणार नाहीत, हे दुसरं. हे दुसरं दार लक्षात ठेवा. पुढे उसाच्या फडात जायचं आहे, तिथे त्याचं काम पडणार आहे.

दिल्लीच्या सीमेवर, हरियाणातल्या फरिदाबाद जिल्ह्यात दगडखाणी होत्या. २५ फेब्रुवारी १९८२ रोजी बंधुआ मुक्ती मोर्चाने तिथली पाहणी करून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. संघटनेचे प्रमुख स्वामी अग्निवेश. त्या खाणींत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानबरोबर महाराष्ट्रातलेही मजूर होते. धूळ, पिण्याला घाण पाणी, राहायला झोपडी म्हणावी असं काहीतरी, आणि अंगावर घेतलेल्या आगाऊ पैशांमुळे सोडून जायची सोय नाही.

इथे न्यायालयाने एक वेगळीच गोष्ट केली. मजुरांनी पुरावे आणावेत म्हणून वाट पाहत बसण्याऐवजी न्यायालयानेच दोन वकिलांना आयुक्त नेमून खाणींवर पाठवलं. मग दिल्लीच्या आयआयटीतले डॉ. पटवर्धन यांच्यावर सामाजिक-कायदेशीर पाहणीचं काम सोपवलं. एका इंजिनिअरिंगच्या संस्थेतला अध्यापक खाणीत जाऊन मजुरांना विचारतो की तुम्हाला इथून जायचं असेल तर जाता येतं का, आणि त्याने लिहून आणलेलं देशाचं सर्वोच्च न्यायालय वाचतं. आपल्याकडे कायदेशीर संशोधनाला इतका मान क्वचितच मिळाला असेल. समोरच्या बाजूने अर्थातच तक्रार केली की या अहवालांना पुरावा कसं म्हणायचं, उलटतपासणी कुठे झाली? न्यायालयाने सांगितलं की दोन तुल्यबळ पक्षांमधल्या भांडणाची पद्धत इथे चालणार नाही. एका बाजूला मालक आणि सरकार, दुसऱ्या बाजूला दगड फोडणारा माणूस. त्याला पुरावा गोळा करता येत नसेल तर त्याच्या गरिबीची शिक्षा म्हणून त्याचा हक्क नाकारता येत नाही.

१६ डिसेंबर १९८३ च्या या निकालातलं सगळ्यांत कामाचं वाक्य वेठबिगारी ओळखण्याबद्दल आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात व्याख्या अशी की माणूस कर्ज किंवा आगाऊ रक्कम घेतो आणि त्या बदल्यात स्वतःचं स्वातंत्र्य गमावतो. मालक म्हणायचे, सिद्ध करा की आम्ही आगाऊ रक्कम दिली होती. मजूर कुठून सिद्ध करणार? हिशेबाची वही मालकाकडे. न्यायालयाने ओझं फिरवलं: मजुराकडून सक्तीने काम करवून घेतलं जातंय एवढं दिसलं की ते आगाऊ रकमेपोटीच आहे असं न्यायालय गृहीत धरेल. तसं नाही, हे आता मालकाने किंवा सरकारने सिद्ध करायचं.

याच खाणींची आणखी एक गोष्टही सांगायलाच हवी, कारण सुटका झाली की काम संपत नाही. फरिदाबादच्या खाणींतून सुटलेल्या १३५ मजुरांना मध्य प्रदेशात, तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यात, आपापल्या गावी पोचवण्यात आलं. नीरजा चौधरी या पत्रकार सहा महिन्यांनी तिथे गेल्या तेव्हा त्यांच्या पुनर्वसनासाठी काहीच झालेलं नव्हतं. ना जमीन, ना जनावर, ना काम. त्यांनीही न्यायालयाला पत्र लिहिलं आणि १९८४ मध्ये आणखी एक निकाल आला: वेठबिगाराला सोडवून उघड्यावर टाकणं म्हणजे त्याला पुन्हा वेठबिगारीत ढकलणं, म्हणून सुटकेबरोबर पुनर्वसन हवंच. सुटकेच्या बातमीनंतर सहा महिन्यांनी कुणीतरी परत जाऊन विचारलं म्हणून हे घडलं. या क्षेत्रातल्या माणसांच्या या सवयीचं मला सगळ्यांत जास्त अप्रूप वाटतं. निकालाच्या दिवशी फोटो काढायला सगळे असतात, सहा महिन्यांनी गावात जाणारी माणसं थोडी.

आता थोडं कायद्याच्या पुस्तकाकडे.

ओडिशात बाहेरच्या राज्यांत कामाला नेल्या जाणाऱ्या मजुरांना ‘दादन’ मजूर म्हणत. दादन म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. उत्तरेतल्या वीटभट्ट्यांवर त्यालाच ‘पेशगी’ म्हणतात. आपल्याकडे ‘उचल’. शब्द वेगवेगळे, रीत एकच: पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा रक्कम द्यायची आणि हंगामात माणूस घेऊन जायचा. ओडिशाने १९७५ मध्ये दादन मजुरांसाठी कायदा केला. पण मजूर राज्याबाहेर गेला की त्या कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता. त्यातून देशभरासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला.

कागदावर तो कायदा चांगलाच होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाच किंवा अधिक मजूर नेले की तो लागू. कंत्राटदाराने परवाना घ्यायचा. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं आणि त्यात मजुरीचा दर, मुदत, दिलेले पैसे लिहायचे. गाव सोडायला लागलं म्हणून विस्थापन भत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते. जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता, राहायला जागा, औषधपाणी. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने भरायची. दोन्ही राज्यांच्या सरकारांकडे याद्या. म्हणजे कायदा नीट पाळला असता तर कोणत्या गावचा कोण माणूस कुठे काम करतोय, हे सरकारला एका फाइलीत सापडलं असतं.

मार्च २०२० मध्ये ती फाइल उघडायची वेळ आली, आणि आत काहीच नव्हतं.

टाळेबंदीत लाखो माणसं चालत निघाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एप्रिलमध्ये मुख्य कामगार आयुक्तांनी आपल्या कार्यालयांना अडकलेल्या मजुरांची तीन दिवसांत गणना करायला सांगितलं. ‘कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या व्यंकटेश नायक यांनी माहितीच्या अधिकाराखाली त्या गणनेचे आकडे मागितले, तेव्हा अशी माहिती उपलब्ध नाही असं उत्तर आलं. ज्या यादीसाठी चाळीस वर्षांपूर्वी कायदा केला होता ती यादीच नव्हती. हे उत्तर पुढे कितीतरी ठिकाणी उद्धृत झालं. ‘नाही’ असं सरकारच्या सहीनिशी मिळवणं हेही संशोधनच असतं.

त्याच काळात ‘स्ट्रँडेड वर्कर्स अ‍ॅक्शन नेटवर्क’ नावाने काही स्वयंसेवक एकत्र आले. अडकलेल्या मजुरांचे फोन घ्यायचे, रेशन आणि थोडे पैसे पोचवायचे, हे त्यांचं मुख्य काम. पण प्रत्येक फोनबरोबर ते चार गोष्टी लिहूनही घेत होते: किती माणसं, किती दिवसांचं धान्य उरलंय, सरकारी रेशन मिळालं का, मालकाने पैसे दिले का. टाळेबंदीच्या पहिल्या तीन आठवड्यांनंतर त्यांनी ११,१५९ मजुरांची माहिती प्रसिद्ध केली. निम्म्यांकडे एका दिवसाचंही धान्य उरलं नव्हतं, ९६ टक्क्यांना सरकारी रेशन मिळालं नव्हतं, ८९ टक्क्यांना मालकाने त्या काळाची मजुरी दिली नव्हती. मदतीच्या फोनमधून पुरावा तयार झाला.

हे किती गरजेचं होतं त्याचं उदाहरण दुर्दैवाने आपल्याच मातीतलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेली मध्य प्रदेशातली माणसं, रुळांवरून चालत घरी निघालेली, थकून तिथेच झोपलेली. आठवडाभराने चालणाऱ्या मजुरांबद्दलचा एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा खंडपीठाने विचारलं की लोक रुळांवर झोपले तर ते कोण थांबवणार, आणि अर्जदाराचं सगळं ज्ञान वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर आधारलेलं आहे असंही सुनावलं. अर्ज फेटाळला गेला. १९८२ च्या पत्राला एक अहवाल जोडलेला होता. २०२० च्या अर्जाला कात्रणं होती. मला ते शेरे आजही बोचतात. पण वकिलांनी त्यातून काय घ्यायचं ते स्पष्ट आहे.

पुढे २६ मे रोजी न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अंजली भारद्वाज, हर्ष मंदर आणि जगदीप छोकर यांच्या अर्जावर २९ जून २०२१ ला सविस्तर निकाल आला. कुठल्याही राज्यात रेशन मिळावं यासाठी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सगळ्या राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावं, असंघटित कामगारांच्या नोंदणीचं पोर्टल त्याच तारखेपर्यंत सुरू करावं, असे आदेश त्यात होते. पोर्टलला झालेल्या उशिराबद्दल कामगार मंत्रालयाची ही बेपर्वाई अक्षम्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ऑगस्टअखेर ई-श्रम सुरू झालं. मग संशोधक तिथेही थांबले नाहीत. ई-श्रमवर नोंदलेल्यांपैकी किती जणांकडे रेशनकार्ड नाही, हा प्रश्न लावून धरला गेला. आकडा निघाला सुमारे आठ कोटींचा, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांना रेशनकार्ड देण्याचा आदेश आला.

आता उसाच्या फडात येऊ.

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी बेळगावकडे. खानदेशातल्या आदिवासी गावांतून सुरत-बारडोलीच्या कारखान्यांकडे. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. दोन जिवंत माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा आहे, आणि एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फिटते. नाही फिटली तर पुढच्या हंगामावर जाते. एक दिवस कामावर आलं नाही तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात.

बारडोलीच्या तोडकऱ्यांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मुक्काम ठोकून अभ्यास केला आणि कारखान्यांच्या भरभराटीत मजुरीचा हिशेब कसा बसवलेला आहे ते दाखवून दिलं. पुढे तो प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. ती माणसं आपल्या नंदुरबार-धुळ्याची होती, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं.

इथे कायद्याची पहिली गाठ. बीडचं एक जोडपं बेळगावच्या कारखान्याला गेलं तर ते आंतरराज्य स्थलांतरित. त्याचंच सख्खं भावंड कोल्हापूरला गेलं तर नाही, कारण राज्याची हद्द ओलांडली नाही. ऊस तोच, मोळी तितक्याच वजनाची, राहायची कोपी, म्हणजे झोपडी, तशीच पाचटाची, घरापासूनचं अंतरही कमी-अधिक सारखंच. पण एकाला १९७९ च्या कायद्याने पासबुक आणि भत्ता देऊ केला आणि दुसऱ्याला दिला नाही. राज्यातल्या राज्यात होणाऱ्या स्थलांतराला स्वतंत्र संरक्षण नाही, ही फट अभ्यासकांनी वर्षानुवर्षं दाखवली आहे.

दुसरी गाठ जास्त घट्ट: मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी, वाहतूकदाराशी. मजूर आम्ही ठेवलेले नाहीत. शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठवली. मुकादम म्हणतो, मी स्वतःच कर्ज काढून उचल वाटली. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे आणि त्यामुळेच मजूर कुणाचाच राहत नाही.

संशोधकाचं काम इथे सुरू होतं, आणि ते गुप्तहेरासारखं आहे. कोणत्या दिवशी कोणत्या फडात टोळी लावायची हे कोण ठरवतं? कारखान्याचा शेतकी विभाग. तोडणीची चिठ्ठी कोण देतं? कारखान्याची माणसं. ऊस कुणाच्या काट्यावर मोजला जातो? कारखान्याच्या. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कोण कापून घेतं? कारखाना. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: टनाचा दर कोण ठरवतं? तो राज्य पातळीवर साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने ३४ टक्के वाढ ठरवली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. आता विचार करा. जो मालकच नाही, तो मजुरीचा दर ठरवायला टेबलावर का बसतो? हा प्रश्न मला नेहमी फार बोलका वाटतो. एशियाडच्या निकालातलं ते दुसरं दार इथे उघडतं: कंत्राटदार मध्ये आहे म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत.

तिसरा हिशेब मजुरीचा. जोडप्याने दिवसभरात दोन टन तोडला असं धरू. ३६६ च्या दराने ७३२ रुपये झाले. ते दोघांचे, म्हणजे एकेकाचे ३६६. त्यासाठी पहाटे अंधारात फडात जाणं, तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं, कधी रात्री काट्यावर ताटकळणं. टनावर मजुरी दिली म्हणून किमान वेतनाचा कायदा सुटत नाही. कामासाठी दिवसाचा किमान दर ठरलेला असेल तर नगावर दिलेली मजुरीही त्यापेक्षा कमी असता कामा नये, असं १९४८ च्या कायद्याचं कलम १७ सांगत होतं आणि नव्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. म्हणून तास मोजावे लागतात. कोण किती वाजता उठलं, किती वाजता कोपीवर परतलं, याची नोंद ठेवावी लागते. ती भरली की कलम १७, मग अनुच्छेद २३, मग उचलीमुळे वेठबिगारीचं गृहीतक, अशी एकेक पायरी चढता येते.

आणि बायकांचा हिशेब वेगळाच करावा लागतो, कारण कोयत्याच्या नावाखाली त्या दिसतच नाहीत. उचल नवऱ्याच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात, आणि काम मात्र दोघांचं. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण गाजलं तेव्हा २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती घेतली तर खाडा. आजाराची कारणं अशी मजुरीच्या पद्धतीत जाऊन भिडतात. महिला किसान अधिकार मंच आणि बीडमधल्या कार्यकर्त्यांनी तेव्हापासून लावून धरलेली मागणी साधी आहे: प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंद करा, तिला तिच्या नावाने ओळखपत्र द्या, तिची मजुरी तिच्या खात्यात टाका. साधी मागणी आहे खरी, पण ती मान्य झाली तर ‘कोयता’ हे एककच मोडतं.

मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या लेखावरून ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याआधी राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केलं होतं. त्याला गाळप झालेल्या उसावर कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. कल्याणाच्या योजना हव्यातच. पण कल्याण आणि हक्क यांत फरक आहे, आणि तो महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. १९६९ मध्ये आपल्याच विधिमंडळाने माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज बदलतो, मग मालक कोण हा वाद घालत बसण्याऐवजी मंडळ स्थापायचं, मालक आणि कामगार दोघांची नोंद करायची, मजुरी मंडळात भरायची आणि तिथून कामगाराला द्यायची. त्यावर भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, उपचार बसवायचे. अण्णासाहेब पाटलांच्या पिढीच्या लढ्यातून आलेली ही रचना उसाच्या फडासाठी का चालणार नाही, हा प्रश्न अभ्यासकांनी मांडला आहे. मला तो अगदी रास्त वाटतो. मुकादमाच्या हातून पैसा जायचा थांबला, की १९८२ चा तो एक रुपयाही कापला जायचा थांबेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यात विरला. काही मिळालं, काही गेलं. आधी कंत्राटदाराने नेलेलाच मजूर ‘आंतरराज्य स्थलांतरित’ ठरायचा. आता स्वतःहून दुसऱ्या राज्यात जाऊन काम मिळवणाराही त्यात बसतो, मजुरी महिन्याला १८,००० रुपयांच्या आत असेल तर. हा बदल अनेक वर्षांच्या टीकेनंतर आला. उलट, आधी पाच मजुरांवर कायदा लागायचा, आता आस्थापनेत असे दहा मजूर लागतात. विस्थापन भत्ता गेला, जाण्यायेण्याच्या भाड्याची एकरकमी तरतूद राहिली. बीड ते कोल्हापूरवाला मात्र अजूनही बाहेरच आहे, कारण राज्याची हद्द ही अट तशीच आहे.

आणि दहा मजूर मोजायचे ते कुणाच्या आस्थापनेत? कारखान्याच्या म्हटलं तर हजारो भरतील. मुकादमाच्या म्हटलं तर टोळीएवढे. ज्या शेतकऱ्याच्या वावरात त्या दिवशी तोड चालू आहे त्याच्या म्हटलं, तर त्या दिवसापुरते कितीही, आणि दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. उत्तर संहितेच्या पानावर शोधून मिळणार नाही. ते चिठ्ठीवर, काट्याच्या पावतीवर आणि मुकादमाच्या वहीत आहे, आणि यंदाच्या हंगामात तिथे जाऊन त्यांचे फोटो कुणीतरी काढून ठेवायला हवेत.